शहरांची आडनावे

गोव्यात आडनाव हा बहुधा गावाचा पत्ता असतो. केरीचे ते केरकर, कुर्डीचे ते कुर्डीकर, मंगेशीचे ते मंगेशकर. माणूस मुंबईला गेला, पुण्याला गेला किंवा समुद्र ओलांडून गेला तरी गाव त्याच्या नावाला धरून चालत राहते. आम्हा चार मित्रमैत्रिणींमध्ये मात्र हा प्रघात पंचवीस वर्षांपूर्वी उलटा सुरू झाला आणि आम्ही एकमेकांना पोचलेल्या शहराचे आडनाव दिले. नोकरीसाठी लिस्बनला गेली ती लिस्बनकर, व्हिएन्नाला शिकायला जाऊन तिथेच राहिला तो व्हिएन्नाकर, बांधकामावर अभियंता म्हणून दोह्याला गेला तो दोहेकर. मी कुठेच गेले नाही, म्हणून पणजीकर. खरे तर मीही माशेलहून पणजीला आलेली, पण मांडवीच्या एकाच काठावरचे तेवढे अंतर बाकीच्या तिघांनी हिशेबात धरले नाही.

चौघेही पणजीत एकाच महाविद्यालयात शिकत होतो. संध्याकाळी कांपालला कला अकादमीच्या मागच्या अंगाला, इमारत संपून नदी सुरू होते तिथे, आम्ही बसायचो. आत कोणाची तालीम चालू असली की पेटीचे सूर बाहेर झिरपत, समोरून बार्जी जात आणि आमच्यातला एक जण, आज जो व्हिएन्नाकर आहे तो, बार्जीच्या इंजिनाचा स्वर कोणत्या पट्टीत आहे हे शोधत बसे. पांगल्यावर सुरुवातीला आम्ही टपालाने पत्रे लिहिली, पुढे ईमेल आले आणि आता फोनवर ध्वनिमुद्रणेही जातात. मात्र वेळ तीच राहिली. महिन्याच्या शेवटच्या रविवारी प्रत्येकाने आपल्या शहराची खबर इतर तिघांना मराठीत लिहायची. घरची ख्यालीखुशाली, दुखणीखुपणी, मुलांच्या परीक्षा हे सगळे शेवटच्या चार ओळींत उरकायचे आणि बाकीचे पत्र शहराचे. काय ऐकले, काय पाहिले, कुठली भिंत पाडली, कुठे नवे काय उभे राहिले. छायाचित्र पाठवायचे असेल तर दोन दिवसांनी पाठवायचे, आधी शब्दांनी काम करायचे.

एक नियम मात्र माझ्या चुकीतून आला, आणि ती चूक मी इथे प्रांजळपणे लिहिते, कारण त्यानंतरच्या सगळ्या पत्रांचा पाया तीच आहे. तेव्हा मी माशेललाच राहत होते. एका हिवाळ्यात पणजीतल्या एका मैफलीला गेले आणि शेवटची बस चुकू नये म्हणून मध्यंतरातच उठले. रविवारी पत्र लिहायला बसल्यावर अर्धी मैफल लिहिणे मला अपुरे वाटले. मैफलीची सांगता भैरवीने होते हे लहानपणापासून ठाऊक होते, म्हणून शेवटची भैरवी फार आर्त झाली असे एक वाक्य मी लिहून टाकले. व्हिएन्नाहून उत्तर आले: बंदिश कोणती होती, ठुमरीच्या अंगाने गायली की भजनाच्या, कोमल ऋषभावर किती थांबले? तो तिथे एका छोट्या खोलीत एकटा राहत होता, बाहेर बर्फ होते आणि माझ्या त्या वाक्यावरून तो रोज रात्री भैरवी गुणगुणत होता. मी शेवटपर्यंत थांबलेल्या एका नातेवाईकांना विचारले, तेव्हा कळले की त्या रात्री भैरवी झालीच नव्हती आणि गायकाने अभंग म्हणून मैफल संपवली होती. मी तिघांनाही तसे कळवले. व्हिएन्नाकर रागावला नाही. पण पुढच्या पत्रात त्याने एवढेच लिहिले, की इतक्या दूर बसलेल्या माणसाला पडताळून पाहता येत नाही, म्हणून त्याला सांगताना अधिक जपावे लागते. तेव्हापासून जिथे आपण बसलो नाही, चाललो नाही, थांबलो नाही, त्याविषयी आम्ही कोणीही लिहीत नाही.

या नियमाने माझ्यावर एक उपकार केला. दर महिन्याला लिहायचे म्हणजे दर महिन्याला पाहायला हवे, आणि ज्या शहरात आपण भाजी आणतो, बिले भरतो, तिथे पाहणे आपोआप बंद झालेले असते. आझाद मैदानाजवळच्या इन्स्टिट्यूट मिनेझिस ब्रागांझा या इमारतीत मी विद्यार्थिदशेत असंख्य वेळा गेले होते. मध्यवर्ती ग्रंथालय पाटोला जाण्यापूर्वी तिथेच होते. प्रवेशाच्या दालनात चारी बाजूंच्या भिंतींवर अझुलेजो, म्हणजे चित्रे रंगवलेल्या पोर्तुगीज फरश्या, आहेत हे ठाऊक असूनही त्यांच्याकडे पाठ करून मी पुस्तकांच्या पावत्या भरत असे. त्या भिंतींकडे मला वळवले ते लिस्बनकरच्या पत्राने.

ती लिस्बनच्या अझुलेजो संग्रहालयात गेली होती. मादरे द देउस नावाच्या जुन्या मठात ते संग्रहालय आहे आणि तिथे सुमारे 23 मीटर लांबीचा एक फरश्यांचा पट आहे, ज्यात 1700 च्या आसपासचे लिस्बन नदीकडून पाहिल्यासारखे रंगवलेले आहे. 1 नोव्हेंबर 1755 रोजी भूकंप, त्यामागून आलेल्या समुद्राच्या लाटा आणि आग यांनी त्या शहराचा मोठा भाग नाहीसा केला, त्याआधीचे हे लिस्बन. तिने लिहिले होते की ती पटाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पावले मोजत चालली, तीसेक पावले झाली, आणि त्या पावलांत ती अशा राजवाड्यांवरून, मठांवरून आणि धक्क्यांवरून गेली ज्यांपैकी कित्येक आता कुठेच नाहीत. ज्याने हे रंगवले त्याला आपण एका जाणाऱ्या शहराचा निरोप लिहीत आहोत याची कल्पना नव्हती, हे तिला सर्वांत जास्त लागले होते. पत्राच्या शेवटी तिने मला विचारले होते, की पणजीत असे काही आहे का.

मी लगेच नाही असे लिहिणार होते. पण त्याआधी तिचेच एक जुने पत्र आठवले. पोर्तो शहरातल्या सांव बेंतो रेल्वे स्थानकाविषयीचे ते पत्र होते. त्या स्थानकाच्या दालनात सुमारे 20,000 फरश्यांवर लढायांची, राजांच्या स्वाऱ्यांची आणि खेड्यांतल्या जीवनाची चित्रे आहेत. जोर्ज कोलासो या चित्रकाराने ती 1905 ते 1916 या काळात केली, आणि गाडीची वाट पाहणारी माणसे त्यांच्यासमोर पिशव्या ठेवून उभी असतात, असे तिने लिहिले होते. कोलासो हे नाव आमच्याकडे शेजाऱ्याचे असावे इतके ओळखीचे, म्हणून ते माझ्या लक्षात राहिले होते. आता ग्रंथालयात शोधल्यावर कळले की ज्या भिंतींकडे पाठ करून मी पावत्या भरत होते त्याही याच कोलासोच्या, 1935 च्या.

मी एका शनिवारी तिथे गेले आणि दीड तास उभी राहिले. त्या चित्रांचा विषय कामोइश या कवीचे 1572 मध्ये प्रसिद्ध झालेले ‘ओस लुसिआदास’ हे महाकाव्य आहे, म्हणजे वास्को द गामाचा जलप्रवास, म्हणजे आमच्याकडे आलेल्यांनी स्वतःच्या येण्याची सांगितलेली वीरकथा. माझ्या आजोबांनी 1961 पर्यंतचे दिवस पाहिले होते आणि ही कथा आमच्या घरात वीरकथा म्हणून कधीच सांगितली गेली नाही. तरुणपणी मी त्या भिंतींकडे पाहिले नाही यात आळसाबरोबर हेही होते. त्या शनिवारी प्रथमच मला असे वाटले की कथा नाकारूनही हात पाहता येतो. भाजलेल्या मातीच्या लकाकणाऱ्या चौकोनांवर एकाच निळ्या रंगातून लाटेचा फेस, ताणलेले शीड आणि माणसाच्या कपड्याची चुणी वेगवेगळी उभी करणारा तो हात. एक चित्र शेकडो चौकोनांत कापलेले असूनही डोळा त्या रेघांवर अडखळत नाही, थोडे मागे सरले की त्या नाहीशाच होतात. मी हे सगळे लिहून पाठवले आणि लिस्बनकरला कळवले, की तिच्या प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही, पण पोर्तोच्या स्थानकातल्या आणि पणजीतल्या भिंती एकाच हाताच्या आहेत. त्यानंतर पोर्तोला गेली की ती मुद्दाम एक गाडी सोडते आणि माझ्या वतीने त्या दालनात उभी राहते.

लिस्बनकर मूळची डिचोलीची. तिच्या वडिलांची गावात भजनी मंडळी होती आणि चतुर्थीला घुमट, शामेळ आणि कासाळ्यांच्या गजरात मराठी आरत्या म्हणत ती वाढली. त्यामुळे फादो, म्हणजे लिस्बनचे पारंपरिक गाणे, ऐकायला ती प्रथम गेली तेव्हा मोठा गजर अपेक्षित धरून गेली होती. आल्फामाच्या चढणीवरच्या एका लहान खाणावळीत तिला उलटेच मिळाले. दिवे मंद झाले, कोणीतरी ‘सिलेन्सियो’ असे म्हणाले, ताटल्या-चमच्यांचे आवाज थांबले आणि खांद्यावर काळी शाल घेतलेली एक बाई उभी राहून डोळे मिटून गाऊ लागली. साथीला बारा तारांची पोर्तुगीज गिटार आणि एक साधी गिटार, बस. तिने आम्हाला तालाचे किंवा चालीचे वर्णन केले नाही. शब्द संपल्यावरही गिटार एक वाक्य पुढे बोलते आणि तेवढ्यात मागच्या टेबलावरचा म्हातारा ‘आह फादिस्ता’ असे म्हणतो, ते अगदी आपल्याकडे समेवर आल्यावर पहिल्या रांगेतून हलकेच ‘वा’ येते तसे, एवढे तिने लिहिले. फादोचा 2011 मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत समावेश झाला ही बातमी आम्हाला वर्तमानपत्रातूनही मिळाली असती. तो म्हातारा मात्र तिच्या पत्रातच भेटला.

व्हिएन्नाकरच्या पत्रांचा स्वभाव वेगळा आहे. तो संगीत लिहितो तेव्हा त्यात रांगा फार असतात. तिथल्या सरकारी ऑपेरागृहात उभे राहून ऐकण्याच्या जागा आहेत, शेकड्यांनी आहेत, आणि त्यांची तिकिटे अगदी स्वस्त असतात. विद्यार्थी असताना तो तासन्तास रांगेत उभा राही, आणि आत गेल्यावर आपल्या जागेसमोरच्या कठड्याला गळपट्टा बांधून ठेवी. गळपट्टा बांधला की ती जागा तुमची, मग तुम्ही बाहेर जाऊन पाणी पिऊन या, तिला कोणी हात लावत नाही. हे वाचून मला माशेलच्या जत्रा आठवल्या. देवळासमोरच्या मंडपात रात्री मराठी नाटक असायचे, आणि दुपारपासून घरोघरच्या मुली चटया आणि गोणपाटे अंथरून ठेवायच्या. कोणाची चटई कोणती हे सगळ्या वाड्याला ठाऊक असे. मी त्याला तसे लिहिले. त्याने उत्तरात लिहिले, की 12 मार्च 1945 रोजी बॉम्बहल्ल्यात ते ऑपेरागृह जळाले, 5 नोव्हेंबर 1955 रोजी ते बेथोव्हेनच्या ‘फिडेलिओ’ने पुन्हा उघडले, आणि बांधणाऱ्यांनी नव्या वास्तूतही उभ्या श्रोत्यांची जागा ठेवली, ही गोष्ट त्याला त्या शहराविषयी सर्वांत जास्त आवडते. आता त्याला बसण्याचे तिकीट परवडते. तरीही वर्षातून एकदा तो गळपट्टा घेऊन जातो.

दोहेकर फार कमी लिहितो. त्याचे पत्र कधी कधी सातच ओळींचे असते आणि त्यात मोजमापे असतात. पण इमारतींविषयी आम्हा चौघांत त्याच्याइतके नेमके कोणी लिहीत नाही. दोह्याचे इस्लामी कला संग्रहालय 2008 मध्ये उघडले तेव्हा त्याने सलग तीन महिने त्याच्यावरच लिहिले. वास्तुविशारद आय. एम. पेई तेव्हा नव्वदी ओलांडलेले होते. शहरातली कोणतीही जागा त्यांनी स्वीकारली नाही, कारण उद्या शेजारी काय उभे राहील आणि आपली इमारत कशाने झाकली जाईल याचा भरवसा नव्हता. म्हणून त्यांनी किनाऱ्यापासून थोडे दूर, समुद्रात भर घालून केलेले बेट मागून घेतले. आकार शोधण्यासाठी ते फिरले आणि अखेर कैरोतल्या इब्न तुलून मशिदीच्या अंगणातल्या हातपाय धुण्याच्या कारंजावरच्या घुमटीत त्यांना तो सापडला: चौकोन, त्यातून अष्टकोन, त्यातून वर्तुळ. दोहेकर शुक्रवारी सुटीच्या दिवशी तिथे जाऊन समोरच्या धक्क्यावर बसे आणि ऊन उतरताना त्या दगडी पाख्यांवर सावल्या कशा सरकतात ते वेळ नोंदवून लिहून काढी. चार वाजून दहा मिनिटे, चार चाळीस, पाच पाच. मराठीत याहून सुंदर गद्य मी फारसे वाचलेले नाही.

त्या पत्रांना मी कला अकादमीने उत्तर दिले. चार्ल्स कोरिया यांनी ती नेमकी उलट्या विचाराने बांधली. पेईंनी शहरापासून अंतर मागितले, कोरियांनी शहराला आत येऊ दिले. इमारत बुटकी, रस्त्यावरून तिचा दर्शनी डौल असा जवळजवळ नाहीच. तिकीट न काढताही माणूस तिच्यातून चालत नदीपर्यंत जाऊ शकतो, आणि म्हणूनच आम्ही चौघे खिशात पैसे नसताना तिथे बसू शकलो. आतल्या दीनानाथ मंगेशकर कला मंदिराच्या भिंतींवर व्यंगचित्रकार मारियो मिरांडा यांनी सज्जे आणि सज्जांत बसलेली माणसे रंगवली आहेत, त्यामुळे श्रोते थोडे असले तरी गाणाऱ्याला सभागृह पार रिकामे दिसत नाही. दुरुस्तीसाठी ही वास्तू काही वर्षे बंद होती. काम चालू असतानाच जुलै 2023 मध्ये खुल्या रंगमंचावरचे छत कोसळले. त्या महिन्याचे माझे पत्र खबर द्यायची म्हणून दिलेले, दोन परिच्छेदांचे होते. लिस्बन, व्हिएन्ना आणि दोहा या तिन्ही शहरांतून त्याच रात्री फोन आले, आणि कोणालाच विशेष काही बोलायचे नव्हते. व्हिएन्नाकरने फक्त विचारले, की नदीकडची आपली जागा आहे ना. नोव्हेंबरात वास्तू पुन्हा उघडल्यावर मी आधी तिथे गेले, सभागृहात नंतर. जागा आहे, असे मी उभ्या उभ्या फोनवरच लिहून पाठवले. रविवारची वाट न पाहता पाठवलेली ती माझी एकमेव खबर.

चित्रांविषयी आमच्यात मतभेद आहेत आणि ते मिटलेले नाहीत. मडगावात 1926 मध्ये जन्मलेले आणि पॅरिसला दहा वर्षे राहून परतलेले लक्ष्मण पै यांनी संगीतातल्या भावावस्थांवर चित्रे केली. ती मला फार जवळची वाटतात, तर रागाला आकृती दिली की राग आकसतो असे व्हिएन्नाकरला वाटते. दोहेकरने एकदा मध्ये पडून पंढरपुरात जन्मलेल्या आणि आयुष्याच्या अखेरीस कतारचे नागरिकत्व घेतलेल्या चित्रकार मकबूल फिदा हुसेन यांच्या काचेच्या घोड्यांविषयी लिहिले. हुसेन गेल्यानंतर आठ वर्षांनी, 2019 मध्ये, दोह्यात उभ्या राहिलेल्या त्यांच्या अखेरच्या मोठ्या कलाकृतीत हे घोडे आहेत. ते गोल फिरू लागले की बाजूला उभ्या असलेल्या मल्याळी रखवालदाराच्या चेहऱ्यावर उजेड येतो आणि जातो, असे ते पत्र होते. त्यावर आम्ही तिघेही गप्प बसलो.

मला ज्या पत्राचे सर्वांत समाधान आहे ते कुर्डीचे. सांगे तालुक्यातले हे गाव साळावली धरणाच्या पाण्याखाली गेले आणि माणसे वाडे आणि वालकिणी इथल्या वसाहतींत गेली. तिथले जुने महादेवाचे देऊळ दगड दगड सुटा करून दुसरीकडे पुन्हा उभारले गेले. दर उन्हाळ्यात पाणी ओसरते आणि मे महिन्यात गाव काही दिवसांसाठी वर येते: घरांची जोती, तुळशीवृंदावनांचे चौथरे, वठलेले बुंधे, चिखल वाळून पडलेल्या भेगा. जुने गावकरी तेव्हा परत येतात, सोमेश्वराचा उत्सव करतात, ख्रिस्ती कुटुंबे आपले फेस्त करतात. ज्या मोगूबाई कुर्डीकरांच्या गाण्याने जयपूर-अत्रौली घराण्याची वाट एवढी रुंद झाली, किशोरी आमोणकरांपर्यंत पोचली, त्यांचे हे गाव. मी गेले तेव्हा एका वृद्ध गृहस्थांनी मला आपल्या घराच्या जोत्यावर उभे केले आणि खोल्या दाखवल्या. ही माजघराची, इथे देव, इथून विहीर. भिंत एकही नव्हती, तरी ते दारातूनच आत शिरत होते, रिकाम्या जागेतून आडवे जात नव्हते. एवढे एकच मी त्या महिन्यात लिहिले. लिस्बनकरचे उत्तर आले, की तिच्या त्या वर्षांपूर्वीच्या प्रश्नाचे उत्तर हेच होते, 23 मीटरचा पट तिला पुन्हा एकदा त्या गृहस्थांसारखे चालून पाहायचा आहे. व्हिएन्नाकरने लिहिले, की तो रेडिओवरच्या एका मैफलीचे जुने मुद्रण ऐकत होता आणि निवेदकाने ‘कुर्डीकर’ असे म्हटल्यावर त्याने ते तेवढेच तीनदा मागे नेऊन ऐकले. वर्षातले बहुतेक महिने पाण्याखाली असलेल्या गावाचा उच्चार गाणे सुरू होण्याआधी असा स्पष्ट, मोठ्या आवाजात होतो.

केसरबाई केरकरांची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे, तरी ती आमच्या पत्रव्यवहारात कशी आली तेवढे सांगते. फोंडा तालुक्यातल्या केरीत 1892 मध्ये जन्मलेल्या या गायिकेची ‘जात कहाँ हो’ ही साडेतीन मिनिटांची भैरवी 1977 मध्ये व्हॉयेजर या दोन अवकाशयानांवर पाठवलेल्या सोनेरी तबकडीत आहे. पहिले यान 20 ऑगस्टला सुटले, दुसरे 5 सप्टेंबरला, आणि 16 सप्टेंबरला केसरबाई गेल्या. तबकडीवरच्या 27 रचनांत व्हिएन्नात घडलेले मोझार्ट आणि बेथोव्हेन आहेत, आणि 55 भाषांतल्या अभिवादनांत आपले मराठीतले ‘नमस्कार’ही आहे. व्हिएन्नाकरला ही यादी मिळाली तेव्हा त्याने आमच्या शिरस्त्याबाहेर जाऊन एकाच आठवड्यात दोन पत्रे लिहिली. पहिल्यात त्याचा आनंद होता, आपल्या दोन्ही गावांचे संगीत एकाच तबकडीवर बसून चालले आहे याचा. दुसऱ्यात त्याने क्रम लावून दाखवला होता. केसरबाईंनंतर दोनच रचना येतात, त्यांतली शेवटची बेथोव्हेनच्या चार तंतुवाद्यांसाठीच्या एका चतुष्कातला कावातिना नावाचा संथ भाग. तबकडीची मैफलही भैरवीपाशी संपायला हवी होती, असे त्याचे मत होते, आणि हे त्याने स्वतः दोन्ही रचना सलग, अंधारात बसून ऐकल्यानंतर लिहिले होते. त्या दोन यानांतले अधिक दूर गेलेले आता 2400 कोटी किलोमीटरहून दूर आहे आणि त्याची हाक पृथ्वीवर पोचायला बावीस तासांपेक्षा जास्त लागतात. आमची पत्रे टपालाने जात त्या काळात व्हिएन्नाला पोचायला दोन आठवडे लागायचे, हे मी त्याला कळवले.

त्या पत्रानंतर मी केरीला गेले. केसरबाईंच्या नावाची शाळा तिथे आहे. दुपारची सुटी झाली होती आणि मुले घरी जात होती. मी थांबून रस्त्याच्या कडेला फोनवर दोन मिनिटांचे ध्वनिमुद्रण केले: मुलांचा गलका, पोफळींतून येणारा वारा, सायकलची घंटा, पाटाचे पाणी. ते मी तिघांना पाठवले आणि सोबत काही लिहिले नाही. लिस्बनकर सांगते की तिने ते कचेरीतून घरी जाताना ट्रॅममध्ये ऐकले आणि एक थांबा पुढे गेली.

आता दोहेकर परत येतो आहे. नोकरी संपली, डिसेंबरात तो फोंड्याला आपल्या जुन्या घरी येईल. घराची कौले चाळून घ्यायला त्याने मला सांगितले आहे आणि मी गवंड्याशी बोलले आहे. मला आनंद आहे, उतारवयात चौघांपैकी एक जण तासाभराच्या अंतरावर असेल, मैफलींना सोबत असेल, शेवटच्या बसची चिंता राहणार नाही. परंतु मागच्या रविवारी लिस्बनकरने एका ओळीत विचारले, की मग दोह्याची खबर आता कोण देणार, आणि त्या ओळीने मला दिवसभर सोडले नाही. मी दोह्याला कधी गेलेले नाही. तरी तिथल्या धक्क्यावर संध्याकाळी चार चाळीसला सावली कोणत्या पाख्यावर असते ते मला माहीत आहे, आणि डिसेंबरनंतर ते मला कोणी सांगणार नाही. दोहेकरने उत्तर दिलेले नाही. फक्त एवढे कळवले आहे की सामान बांधून झाले, वही मात्र बाहेर ठेवली आहे, आणि येत्या शुक्रवारी तो तिथे ऊन चढल्यापासून दिवे लागेपर्यंत बसणार आहे.